वीर्यद्रवातील प्रथिने : पुरुषाच्या प्रजननक्षमतेचा दुर्लक्षित पैलू

मांडव्याच्या जेटीवरून सुटलेली लाँच गेटवे ऑफ इंडियाला पोहोचण्यास साधारण एक तास घेते. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवरील अनेक कुटुंबे मोठ्या आजारांच्या तपासण्यांसाठी अजूनही मुंबई गाठतात. त्यात मूल होत नाही म्हणून निघालेली दांपत्येही असतात. बहुतेक वेळा तपासणी सुरू होते ती पत्नीपासून. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गर्भनलिकांची तपासणी असे सारे पार पडते आणि वर्ष-दोन वर्षांनी केव्हातरी पतीला वीर्यतपासणी करून घेण्यास सांगितले जाते. तोवर घरातील ओटी भरण्याच्या कार्यक्रमांत त्या स्त्रीला मागे उभे राहण्याची सवय झालेली असते.

वीर्यतपासणी ही वंध्यत्वाच्या तपासण्यांतील सर्वांत सोपी, स्वस्त आणि शरीराला कोणतीही इजा न करणारी तपासणी होय. तिची अट मात्र कडक आहे. नमुना दिल्यानंतर शक्यतो अर्ध्या तासात आणि उशिरात उशिरा एका तासाच्या आत तपासणीस सुरुवात व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते. म्हणजेच अलिबागला घरी घेतलेला नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत नेणे निरुपयोगी ठरते. तो प्रयोगशाळेतच, किंवा तिच्या अगदी जवळ द्यावा लागतो. या तासाभराच्या अटीमागे काही प्रथिनांचे काम दडलेले आहे. शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल यांविषयी आता बरेच बोलले जाते. शुक्रजंतू ज्या द्रवातून प्रवास करतात त्या द्रवाविषयी, आणि त्यातील प्रथिनांविषयी, सर्वसामान्य वाचकाला फारशी माहिती नसते.

वीर्यात असते काय?

वीर्य म्हणजे शुक्रजंतू, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वीर्याच्या एकूण आकारमानात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के असतो. उरलेला सारा भाग हा वीर्यद्रव असतो. त्यातील साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून थोडा अधिक द्रव मूत्राशयाच्या मागे असलेल्या दोन वीर्यकोशांतून येतो आणि सुमारे पाव ते एक तृतीयांश पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून, येतो. वृषण आणि अधिवृषण यांच्याकडून येणारा भाग थोडा असतो. अधिवृषण ही वृषणाच्या पाठीशी गुंडाळलेली सुमारे सहा मीटर लांबीची बारीक नळी असून शुक्रजंतू तिथेच परिपक्व होतात.

या प्रत्येक ग्रंथीचा स्राव वेगळा असतो. वीर्यकोश फ्रुक्टोज ही साखर पुरवितात. शुक्रजंतूंना ती इंधन म्हणून उपयोगी पडते. प्रोस्टेटकडून जस्त, सायट्रिक आम्ल आणि अनेक एन्झाइम येतात. एका मिलिलिटर वीर्यद्रवात साधारण ३५ ते ५५ मिलिग्रॅम प्रथिने असतात. २००६ मध्ये जर्मनीतील पिल्च आणि मान या संशोधकांनी मानवी वीर्यद्रवातील ९२३ प्रथिनांची यादी प्रसिद्ध केली. पुढील संशोधनांत हा आकडा दोन हजारांच्या पलीकडे गेला. यांतील प्रत्येक प्रथिनाचे कार्य उलगडलेले नाही, तथापि काही प्रमुख प्रथिनांची कामगिरी आता स्पष्ट झाली आहे.

आधी घट्ट, मग पातळ

स्खलनानंतर काही क्षणांतच वीर्य घट्ट होते. वीर्यकोशांतून येणारी सेमिनोजेलिन-१ आणि सेमिनोजेलिन-२ ही दोन प्रथिने त्यास कारणीभूत होत. ती एकमेकांत गुंतून जेलीसारखे जाळे तयार करतात आणि शुक्रजंतू त्या जाळ्यात काही काळ अडकून राहतात. त्यामुळे ते गर्भाशयमुखाजवळ टिकून राहतात, असे मानले जाते.

यानंतर दुसरे प्रथिन कामाला लागते. त्याचे नाव प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, म्हणजेच पीएसए. साठीच्या आसपासच्या पुरुषांना हे नाव रक्ततपासणीच्या अहवालातून परिचित असते. मात्र पीएसएचे मूळ काम रक्तात नसून वीर्यात आहे. ते एक प्रकारची कात्रीच आहे. सेमिनोजेलिनचे जाळे कापून काढणे आणि वीर्य पातळ करणे हे त्याचे कार्य. साधारण १५ ते ३० मिनिटांत हे काम पूर्ण होते आणि शुक्रजंतू मोकळे होऊन पुढे सरकू लागतात.

ही कात्री आधीच का चालत नाही, याचे उत्तर जस्तात आहे. प्रोस्टेटच्या स्रावात जस्ताचे प्रमाण मोठे असते आणि जस्त पीएसएला निष्क्रिय ठेवते. स्खलनावेळी दोन्ही ग्रंथींचे स्राव एकत्र येतात, तेव्हा सेमिनोजेलिन हे जस्त स्वतःकडे ओढून घेते. जस्ताच्या पकडीतून सुटलेले पीएसए मग त्याच सेमिनोजेलिनचे तुकडे करू लागते. ज्या प्रथिनाने जाळे विणले, तेच आपल्या विनाशकाला मोकळे करते, अशी ही योजना आहे.

तपासणीतील वेळेचे बंधन येथे समजते. नमुना पूर्ण पातळ होण्याआधी पाहिला तर शुक्रजंतू अडकलेले दिसतात आणि हालचाल कमी भरते. फार उशीर केला तर द्रव सुकणे, तापमान बदलणे आणि एन्झाइमांचा सततचा मारा यांमुळे चांगले शुक्रजंतूही मंदावतात. तासाभरानंतरही वीर्य पातळ झाले नाही, तर त्याची नोंद अहवालात केली जाते. अशा वेळी प्रोस्टेट किंवा वीर्यकोशांच्या कार्यात काही बिघाड आहे का, याचा विचार डॉक्टर करतात.

शुक्रजंतूंवरचा लगाम

वृषणातून बाहेर पडलेला शुक्रजंतू दिसायला पूर्ण असला तरी तो पोहू शकत नाही आणि स्त्रीबीजही फलित करू शकत नाही. अधिवृषणातून जाताना त्याच्या पृष्ठभागावर अनेक प्रथिने चढविली जातात, काही काढली जातात. पुढे वीर्यद्रवातील आणखी काही प्रथिने त्याला चिकटतात. यांतील कित्येक प्रथिनांचे काम शुक्रजंतूला आवर घालण्याचे असते. शुक्रजंतूच्या डोक्यावर एन्झाइमांची पिशवी असते. ती वेळेआधी फुटली तर तो स्त्रीबीजापर्यंत पोहोचला तरी निरुपयोगी ठरतो. म्हणून हा लगाम आवश्यक असतो.

स्त्रीच्या प्रजननमार्गात काही तास घालविल्यावर हा लगाम हळूहळू सुटतो आणि शुक्रजंतू फलनक्षम होतो. १९५१ मध्ये अमेरिकेत चांग यांनी आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे ही गोष्ट दाखवून दिली. प्रयोगशाळेत फलन घडवायचे तर आधी शुक्रजंतू वीर्यद्रवातून धुऊन वेगळे करावे लागतात, हे या शोधामुळे स्पष्ट झाले. आजही गर्भाशयात शुक्रजंतू सोडण्याच्या उपचारात अथवा टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात शुक्रजंतू धुऊन घेतले जातात.

एपिन हे असेच एक प्रथिन आहे. ते शुक्रजंतूच्या पृष्ठभागावर असते आणि सेमिनोजेलिन त्यालाच चिकटून शुक्रजंतूची हालचाल थांबविते. पीएसएने सेमिनोजेलिन कापले की हालचाल पुन्हा सुरू होते. या प्रथिनाचा उपयोग पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून करता येईल का, याचा शोध अमेरिकेतील ओरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी नर माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एपिनविरुद्ध लस दिल्यावर भरपूर प्रतिपिंडे तयार झालेल्या नऊपैकी सात माकडांत प्रजननक्षमता थांबली आणि लस बंद केल्यावर त्या सातपैकी पाच माकडांत ती परत आली. माणसासाठी वापरण्याजोगे औषध मात्र यातून बाजारात आलेले नाही.

परळच्या प्रयोगशाळेतील शोध

वीर्यद्रवातील प्रथिनांच्या इतिहासात मुंबईच्या परळ भागाचे नाव जोडलेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था परळला आहे. ही संस्था पुढे राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली आणि आता तिच्या नावात बाल आरोग्याचाही समावेश झाला आहे. या संस्थेतील डॉ. ए. आर. शेठ आणि त्यांचे सहकारी इनहिबिन या द्रव्याच्या शोधात होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक स्रवते आणि ते वृषणातील शुक्रजंतुनिर्मितीला चालना देते. या संप्रेरकाला आळा घालणारे द्रव्य शरीरातच असले पाहिजे, असा शास्त्रज्ञांचा कयास होता. ते सापडले तर पुरुषांसाठी गर्भनिरोधक तयार करता येईल, अशी आशा होती.

शेठ यांच्या गटाने मानवी वीर्यद्रवातून असे एक प्रथिन वेगळे केले. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योर्नवाल यांच्या सहकार्याने त्याची रचना तपासण्यात आली आणि १९८४ मध्ये ती 'फेब्स लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हे प्रथिन ९४ अमिनो आम्लांचे असून प्रोस्टेटमध्ये मोठ्या प्रमाणात तयार होते.

पुढे मात्र चित्र पालटले. खरे इनहिबिन हे वृषणातील आणि बीजांडकोशातील पेशींत तयार होणारे, दोन भागांनी बनलेले वेगळेच प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. परळला सापडलेल्या प्रथिनाला आता बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन किंवा पीएसपी-९४ असे म्हणतात. एफएसएचला आळा घालण्याचे काम त्याच्याकडे आहे, हा दावा टिकला नाही. प्रथिन मात्र टिकले. पीएसएच्या बरोबरीने ते प्रोस्टेटच्या स्रावातील प्रमुख प्रथिनांपैकी एक ठरले. २००८ मध्ये युरोप व अमेरिकेतील मोठ्या जनुकीय पाहण्यांत या प्रथिनाच्या जनुकालगतचा एक बदल प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या वाढत्या धोक्याशी जोडलेला आढळला. गर्भनिरोधकाच्या शोधात हाती लागलेले प्रथिन अशा रीतीने कर्करोगाच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरले.

परळच्या संस्थेने त्याचा पाठपुरावा सोडला नाही. पीएसपी-९४ हे वीर्यद्रवात क्रिस्प-३ या दुसऱ्या प्रथिनाशी घट्ट जोडलेले असते. ही दोन प्रथिने नेमकी कोणत्या ठिकाणी एकमेकांना धरतात, याचा नकाशा डॉ. स्मिता महाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला.

याच परिसरात प्रजननविज्ञानाचा आणखी एक टप्पा गाठला गेला. केईएम रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. देशातील पहिली म्हणून तिची नोंद झाली. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साध्य केले होते, हे पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार यांनीच कागदपत्रे तपासून जाहीर केले आणि पहिलेपणाचा मान मुखर्जींना दिला.

स्त्रीच्या शरीराशी संवाद

वीर्यद्रव केवळ वाहनाचे काम करतो की त्याहून अधिक काही, हा गेल्या काही दशकांतील औत्सुक्याचा प्रश्न आहे. सर्वांत स्पष्ट उत्तर मिळाले ते फळमाशीत. केळ्यांवर घोंघावणाऱ्या या चिमुकल्या माशीच्या नराच्या वीर्यद्रवात 'सेक्स पेप्टाइड' नावाचे ३६ अमिनो आम्लांचे प्रथिन असते. १९८८ मध्ये त्याची ओळख पटली. हे प्रथिन मादीच्या शरीरात गेले की ती अधिक अंडी घालू लागते आणि काही दिवस दुसऱ्या नराला जवळ येऊ देत नाही. या द्रवाची किंमत मादीला आयुष्यमान घटण्याच्या रूपाने मोजावी लागते, असे १९९५ मधील प्रयोगांनी दाखवून दिले. नर आणि मादीचे हित नेहमीच एक नसते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दक्षिण अमेरिकेतील लामा या उंटवर्गीय प्राण्यात मादीचे स्त्रीबीज समागमानंतरच बाहेर पडते. ही क्रिया घडविणारा घटक वीर्यद्रवातच असतो. तो म्हणजे मज्जातंतूंच्या वाढीसाठी प्रसिद्ध असलेले एनजीएफ हेच प्रथिन असल्याचे २०१२ मध्ये निश्चित झाले.

मानवी वीर्यद्रवात टीजीएफ-बीटा हे प्रथिन मोठ्या प्रमाणात आढळते. ते रोगप्रतिकारशक्तीचे नियमन करते. गर्भाचे निम्मे गुणधर्म पित्याकडून आलेले असल्यामुळे आईच्या शरीराच्या दृष्टीने तो काही अंशी परकाच असतो. त्याला नाकारू नये यासाठी आईच्या प्रतिकारशक्तीची पूर्वतयारी वीर्यद्रवामार्फत होत असावी, असे ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील सारा रॉबर्टसन यांच्या गटाचे प्रतिपादन आहे. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. वीर्यकोश काढून टाकलेल्या नरांपासून गर्भधारणा झाली, परंतु गर्भांची वाढ खालावली आणि जन्मलेल्या नर पिलांत स्थूलतेसारखे दोष दिसले.

माणसाच्या बाबतीत मात्र सावधपणे बोलावे लागते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात वीर्यद्रवाचा संपर्क न येताही निरोगी मुले जन्माला येतात. म्हणजे माणसात हा द्रव गर्भधारणेसाठी अनिवार्य नाही. उपचारांच्या वेळी वीर्यद्रवाचा मुद्दाम वापर केल्यास यश वाढते काय, याचीही परीक्षणे झाली. त्यातून खात्रीलायक पुरावा हाती आलेला नाही. या विषयावरून कोणी महागडा उपचार सुचविल्यास दांपत्याने पुरावा विचारणे इष्ट ठरते.

उरुळी कांचनचे वळू आणि अंड्याचा बलक

या शास्त्राचा व्यावहारिक उपयोग सर्वाधिक झाला तो पशुपालनात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे बाएफ ही संस्था स्थापन केली. तेथील वळूंचे गोठविलेले वीर्य खेड्यापाड्यांतील गायी-म्हशींपर्यंत पोहोचले. हे वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठविले जाते.

साठविण्यापूर्वी वीर्यात अंड्याचा बलक मिसळण्याची पद्धत १९४०च्या सुमारास सुरू झाली. बलक उपयोगी पडतो हे अनुभवाने कळले, कारण मात्र कितीतरी वर्षे अज्ञात होते. वळूच्या वीर्यद्रवात बीएसपी या गटातील प्रथिने विपुल असतात. ती शुक्रजंतूच्या आवरणातील कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध द्रव्ये ओढून काढतात. गायीच्या शरीरात हे आवश्यकच असते, कारण त्यामुळे शुक्रजंतू फलनक्षम होतो. परंतु बाटलीत वा नळीत ही क्रिया चालू राहिली तर आवरण दुबळे होऊन शुक्रजंतू मरतात. बलकातील स्निग्ध कण या प्रथिनांना स्वतःकडे अडकवून ठेवतात आणि शुक्रजंतू वाचतात, असे कॅनडातील मंजुनाथ यांच्या संशोधनातून पुढे आले. एकच प्रथिन योग्य वेळी मित्र आणि जास्त वेळ राहिल्यास शत्रू कसे ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अहवाल कसा वाचावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार वीर्याचे आकारमान १.४ मिलिलिटर, शुक्रजंतूंची संख्या प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के आणि पुढे सरकणारे शुक्रजंतू ३० टक्के, या खालच्या मर्यादा मानल्या जातात. वर्षभराच्या आत ज्यांच्या पत्नीला गर्भधारणा झाली अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून त्या ठरविल्या आहेत. अशा पुरुषांपैकीही पाच टक्के जण या रेषेखाली होते. त्यामुळे आकडा थोडा कमी आला म्हणून पितृत्व अशक्य, असा अर्थ काढता येत नाही. तसेच शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने मोठा ताप किंवा आजार येऊन गेला असल्यास काही काळाने पुन्हा तपासणी करणे योग्य ठरते.

अहवालातील द्रवाविषयीच्या नोंदी अनेकदा दुर्लक्षिल्या जातात. आकारमान कमी, आम्लता अधिक, फ्रुक्टोज नाही, वीर्य घट्ट होतच नाही आणि शुक्रजंतू शून्य, असे चित्र एकत्र दिसले तर वीर्यकोशांचा स्राव येतच नाही, असा निष्कर्ष निघतो. काही पुरुषांत शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात, तेव्हा असे घडते. या दोषाचा संबंध सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या जनुकाशी असतो. म्हणून पुढील उपचारांपूर्वी पती-पत्नी दोघांची जनुकीय तपासणी सुचविली जाते. अशा पुरुषांच्या वृषणात शुक्रजंतू बहुधा तयार होत असतात, केवळ बाहेर येण्याचा मार्ग नसतो. सुईने शुक्रजंतू काढून १९९२ पासून रूढ झालेल्या इक्सी पद्धतीने त्यांना पिता होता येते. क्षयरोगाच्या संसर्गानेही अधिवृषणाचा मार्ग बंद होऊ शकतो, हे आपल्या देशात विशेष ध्यानात ठेवावे लागते.

शुक्रजंतू शून्य असताना मार्ग बंद आहे की निर्मितीच होत नाही, हा कळीचा प्रश्न असतो. त्यासाठी अनेकदा वृषणाचा तुकडा काढून पाहावा लागतो. टोरांटो येथील संशोधकांनी २०१३ मध्ये वीर्यद्रवातील दोन प्रथिनांवरून हा भेद करता येतो, असे दाखविले. अधिवृषणात तयार होणारे ईसीएम-१ आणि वृषणात तयार होणारे टेक्स-१०१ ही ती प्रथिने होत. चिरफाडीशिवाय निदान करण्याच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल मानले जाते, तरी रोजच्या तपासण्यांत त्याचा सर्वत्र समावेश झालेला नाही.

न्यायवैद्यकातील साक्षीदार

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत कपड्यांवरील वा शरीरावरील डाग वीर्याचा आहे काय, हे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेला ठरवावे लागते. शुक्रजंतू दिसले तर प्रश्न मिटतो. परंतु आरोपीची नसबंदी झालेली असल्यास किंवा त्याच्या वीर्यात मुळातच शुक्रजंतू नसल्यास सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. अशा वेळी वीर्यद्रवातील प्रथिनेच साक्षीदार ठरतात. ॲसिड फॉस्फटेज हे प्रोस्टेटचे एन्झाइम प्राथमिक चाचणीसाठी, तर पीएसए आणि सेमिनोजेलिन खात्रीसाठी वापरले जातात. पीएसएचे वीर्यातील प्रमाण पुरुषाच्या रक्तातील प्रमाणाच्या सुमारे दहा लाख पट असते. त्यामुळे अगदी अल्प डागही ओळखता येतो. तक्रार लवकर नोंदविणे आणि कपडे न धुता कागदी पिशवीत जपून ठेवणे यासाठीच महत्त्वाचे असते.

'धातू' आणि गैरसमज

वीर्य वाया गेल्याने शरीर खंगते, ही समजूत शहरात आणि किनाऱ्यावरच्या गावांत सारखीच रुजलेली आहे. एसटी स्टँडच्या भिंतींवरील 'गुप्तरोग' तज्ज्ञांच्या जाहिराती याच भीतीवर चालतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीतून होणाऱ्या त्रासाला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. हिशेब करून पाहिला तर भीतीतील फोलपणा लक्षात येतो. एका वेळच्या वीर्यात साधारण दीडशे मिलिग्रॅम प्रथिने असतात. कोंबडीच्या एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, म्हणजे त्याच्या चाळीसपट असतात. एवढे प्रथिन शरीर एका घासातून भरून काढते.

दुसरा गैरसमज नसबंदीविषयी आहे. शस्त्रक्रियेनंतर वीर्य बंद होते आणि पुरुषत्व जाते, असे अनेकांना वाटते. नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी बंद केली जाते. वीर्यकोश आणि प्रोस्टेट यांचे स्राव तसेच चालू राहतात आणि संप्रेरकेही तशीच राहतात. आकारमानात पडणारा फरक इतका किरकोळ असतो की तो जाणवतही नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहितांमध्ये स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. बिनटाक्याची, काही मिनिटांत होणारी शस्त्रक्रिया उपलब्ध असताना पोटावरील शस्त्रक्रियेचा भार स्त्रीवरच पडतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. या विषयांवर मराठीत उघडपणे लिहिल्याबद्दल त्यांना खटले सोसावे लागले. शतक उलटल्यानंतरही संकोच पुरता गेलेला नाही.

दांपत्यांनी काय करावे?

एक वर्ष नियमित संबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास, आणि पत्नीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनी, दोघांनी एकाच वेळी तपासणी करून घ्यावी. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोषाचा कमी-अधिक वाटा असतो. वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावेत. नमुना पूर्ण गोळा करावा, कारण पहिल्या भागात प्रोस्टेटचा स्राव व बहुतेक शुक्रजंतू असतात, तर नंतरच्या भागात वीर्यकोशांचा. काही भाग सांडल्यास तो प्रयोगशाळेला सांगावा. साधा कंडोम वा साबण लागलेली बाटली वापरू नये. पहिला अहवाल सदोष आल्यास दुसरी तपासणी झाल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठी केंद्र निवडताना ते २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदलेले आहे, याची खात्री करावी.

संततीच्या इच्छेने जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटले आहे. रायगडच्या किनाऱ्यावरून मुंबईकडे निघालेल्या दांपत्याने लाँचचे तिकीट काढण्यापूर्वी पतीची वीर्यतपासणी जवळच्या चांगल्या प्रयोगशाळेत करून घेतली, तर कित्येक फेऱ्या, पैसे आणि पत्नीच्या वाट्याला येणाऱ्या अनावश्यक तपासण्या वाचू शकतात. शिवाय दोष कोणाचा, हा प्रश्न घरात विचारला जाण्यापूर्वीच त्याचे उत्तर कागदावर आलेले असेल.